बोर्डीच्या अंगणातून रनाळ्याच्या ओट्यावर

मोबाइल हातात येण्याआधी अंगणवाडी सेविकेच्या कपाटात अकरा रजिस्टरं असत. पहिलं कुटुंबांच्या नोंदीचं, शेवटचं वजनांचं, आणि आठवं गृहभेटींचं. कुठल्या घरी कधी जायचं, बाळ किती महिन्यांचं, आईला काय सांगायचं, हे सगळं त्यात. २०२१ पासून हा कारभार ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपमध्ये गेला. भेट मात्र अजून पायीच द्यावी लागते. नंदुरबारहून दोंडाईचाकडे निघालं की लागणाऱ्या रनाळ्यात खिचडी वाटून झाली, भांडी आवरली, की सेविका खांद्याला पिशवी लावते आणि एखाद्या ओट्याशी थांबून हाक देते, ‘घरमा कोन शे वं माय?’

या हाकेला मोठी वंशावळ आहे. तिच्यात सुईण आहे, भावनगरहून आलेल्या एक बाई आहेत, गडचिरोलीचे डॉक्टर आहेत, आणि पार जमैकातल्या आरोग्यसेविकाही आहेत. लहान मूल मनाने खंबीर कशामुळे होतं, पडल्यावर, घाबरल्यावर, आई दिवसभर दिसली नाही तरी स्वतःला कसं सावरतं, या प्रश्नाची गेल्या पाऊणशे वर्षांतली बरीच भरवशाची उत्तरं कुणीतरी कुणाच्या तरी घरी जाऊन, बसून, बघून आणलेली आहेत. घरच्या वातावरणावर व्याख्यानं पुष्कळ होतात. त्या घरात बाहेरून कोण येत गेलं आणि येऊन त्याने काय पाहिलं, हे तपासलं तर जास्त हाती लागतं, असं माझं मत आहे.

खानदेशातल्या गावात बाळंतिणीच्या घरी नेमाने येणारं पहिलं बाहेरचं माणूस म्हणजे सुईण. बाळंतपण उरकलं म्हणून तिचं काम संपत नसे, पुढे सव्वा महिना तिचं येणं चालू राही. न्हाणीत पाय लांब करून बसायची, बाळाला नडग्यांवर पालथं घालायची, अंगात तेल जिरवायची आणि कढत पाणी ओतताना त्याच्याशी अखंड बोलत राहायची. बाळ टाहो फोडी, पण त्या टाहोने घरात कुणी घाबरत नसे. मग धुरी, मग घट्ट गुंडाळणं, मग चार तास झोप. या परंपरेचं कौतुक करताना हात जरा आखडता घ्यायला हवा. पहिला चीक पिळून टाका म्हणणारीही अनेकदा हीच बाई, आणि नाळ कापायला हाती लागेल ते वापरणारीही हीच. धनुर्वाताने गेलेली बाळं तिच्या खात्यातून वजा करता येणार नाहीत. तरी तिच्या येण्यात दोन गोष्टी होत्या, ज्या पुढच्या सरकारी भेटीतून बराच काळ गळाल्या. ती बाळाशी बोलत होती, आणि आईच्या वाट्याचं एक काम उचलत होती.

दुसरी पूर्वज म्हणजे ताराबाई मोडक. १८९२ चा जन्म, मुंबईच्या पदवीधर, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. ती मानाची नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं या चिंतेतून ते मॉन्टेसरीच्या विचारांपर्यंत पोचले आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढलं. मारिया मॉन्टेसरींनी आपलं पहिलं बालगृह १९०७ मध्ये उघडलं ते रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. पण गरिबांच्या चाळीत जन्मलेली ही पद्धत जगभर फिरत हिंदुस्थानात पोचेपर्यंत खात्यापित्या घरांची झाली होती. तिची गुळगुळीत लाकडी साधनंच अशी महाग, की खेड्यातली शाळा ती घेण्याचं स्वप्नही बघणार नाही. ताराबाईंनी १९३६ पासून दादरला शिशुविहार चालवला तो शहरातल्या मुलांसाठी. खेड्यातलं मूल त्यात कुठेच नव्हतं.

डिसेंबर १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बरोबर अनुताई वाघ. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या, अनुताई पस्तिशीच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य, असं आयुष्य मागे टाकून अनुताई शिक्षिका झाल्या होत्या. बोर्डीची बालवाडी भरू लागली, पण दलित वस्तीतली मुलं तिकडे फिरकेनात. का फिरकत नव्हती हे त्या काळात कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. झोपडीपुढच्या सारवलेल्या अंगणात मुलं बसली, आधी नाकडोळे पुसले गेले, नखं कापली गेली, केस विंचरले गेले, मग गाणी, मग खेळ. लाकडी साधनांच्या जागी शिंपले, चिंचोके, पानं, माती. पुढे देशभर ज्या नावाने लाखो केंद्रं उघडली, ती अंगणवाडी ही अशी.

यातली मुख्य गोष्ट मला स्वस्त साधनांची वाटत नाही. शाळा अंगणात भरल्यामुळे शिक्षिकेला घर दिसलं आणि घराला शिक्षिका दिसली. मुलावर कोण खेकसतं, ते रडलं की कुणाकडे धावतं, जेवायला कुणाच्या ताटात बसतं, हे चार भिंतींच्या वर्गात कधीच कळलं नसतं. आणि रडणाऱ्या मुलाशी न ओरडता बोलता येतं, त्याला दोन गोष्टींतली एक निवडू देता येते, हे घरातल्या माणसांना कुणी भाषण न देता रोज समोर दिसत होतं.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांमध्ये गेलं, आणि तिथे अंगणात मिळालेल्या नजरेचा खरा उपयोग झाला. शाळेत मुलंमुली येत नव्हती, कारण मोठी मुलं गुरं वळायला जात आणि मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असे. मग गुराख्यांसाठी कुरणावरच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. आणि ‘विकासवाडी’ या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाला एक लागून उभी केली. बहिणीने धाकट्याला पाळणाघरात ठेवावं, मधल्याला बालवाडीत सोडावं आणि आपण वर्गात बसावं. मुलगी शाळेत येत नाही याचं कारण तिच्या कडेवर बसलं आहे, हे घर पाहिलेल्या माणसालाच सुचतं. गृहभेटीच्या वंशावळीतलं हे सगळ्यात तेजस्वी नाव आहे, आणि खेदाची गोष्ट म्हणजे पुढच्या पिढ्यांनी वारसा घेताना नाव घेतलं, ही नजर घेतली नाही.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातल्या धारणीपासून. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणी, शाळापूर्व शिक्षण, आणि आयांना पोषण-आरोग्याचं मार्गदर्शन. गृहभेट या शेवटच्या कलमात बसली. तीन वर्षांखालचं मूल केंद्रात येऊन बसत नाही, त्याच्यापर्यंत पोचायचं तर घरीच जावं लागतं, म्हणून खरं तर ती सगळ्यात महत्त्वाची. प्रत्यक्षात काय झालं? वजनकाटा आला, वाढीचा तक्ता आला, घरी न्यायच्या आहाराची पाकिटं आली, आणि भेट त्यांच्या मागे धावू लागली. ‘वजन केलं का, डोस दिला का, पाकीट मिळालं का?’ तीन प्रश्न, तीन खुणा, पुढचं घर.

नंदुरबारच्या बाबतीत याला नावं ठेवणं सोपं नाही. धुळ्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ ला हा जिल्हा झाला तो कुपोषणाच्या बातम्या सोबत घेऊनच. २००१ मध्ये गडचिरोलीचे डॉक्टर अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला आणि महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत हे आकड्यांनिशी दाखवलं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतसुद्धा या जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुलं कमी वजनाची निघाली. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीची सेविका रेलू वसावे मासेमाराची होडी मागून घेऊन नर्मदेच्या फुगवट्यातून अठरा-अठरा किलोमीटर वल्हवत पाड्यांवर पोचत होती, ती वजनं घ्यायला आणि आहार द्यायलाच. जिथे पोटाचा प्रश्न असा आ वासून उभा आहे तिथे मुलाच्या मनाची गोष्ट काढणं कुणाला उगाचचं वाटेल.

भेटीने जीव वाचतो हे शास्त्राच्या भाषेत सिद्ध झालं तेही महाराष्ट्रातच. गडचिरोलीत बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या साध्या, थोडं शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ केलं. नवजात बाळाच्या घरी ठरल्या दिवशी जायचं, श्वास मोजायचा, ऊब राखायची, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायचं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे देशभरच्या ‘आशा’ स्वयंसेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. म्हणजे सुईणीचा सव्वा महिना सरकारने आपलासा केला, साबणाने हात धुऊन.

आता या वंशावळीची दुसरी शाखा. मुलाच्या मनाकडे बघणाऱ्यांची.

दुसऱ्या महायुद्धाने युरोपात लाखो मुलं बेघर केली. अनाथालयांत दूध, अंथरूण, डॉक्टर सगळं असूनही लहान मुलं खंगत होती. जागतिक आरोग्य संघटनेने जॉन बोल्बी या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञाला याचा अभ्यास करायला सांगितलं आणि १९५१ मध्ये त्याचा अहवाल आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की कोवळ्या वयातल्या मुलाला आईशी, किंवा कायम आईच्या जागी असणाऱ्या माणसाशी, उबदार आणि न तुटणारं नातं मिळालं पाहिजे. या वाक्याचा दुसरा भाग जगाने फारसा मनावर घेतला नाही. आई तेवढी उरली, आणि मूल बिघडलं की आईकडे बोट दाखवायला शास्त्राचा आधार मिळाला.

आपल्याकडे ती जमीन आधीच नांगरलेली होती. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं, आणि खंबीर, सोसणारं, खरं बोलणारं मूल घडवणारी एकटी आई मराठी मनात कायमची बसली. पुस्तकाचं मोठेपण वादातीत आहे. मला आठवते ती त्याआधीची गोष्ट. रनाळ्याजवळून जाणारी भुसावळ-सुरत रेल्वे पुढे अमळनेरला जाते, तिथल्या शाळेत गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत. मुलांच्या खोल्या झाडणं, अंथरुणं आवरणं, कपडे धुणं, आजारी पोराच्या उशाशी रात्र काढणं, हे सगळं तो ब्रह्मचारी पुरुष करत होता. आईचं काम आईनेच करावं लागतं असं नाही, याचा ढळढळीत पुरावा खुद्द लेखकच होता. आपण पुस्तक डोक्यावर घेतलं आणि छात्रालय विसरलो.

बोल्बीचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं ते हवाई बेटांतल्या एका अभ्यासाने. कावाई नावाच्या बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि तिच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत काढला. ऊसमळ्यांवर राबणाऱ्या, गरिबीत, भांडणात, दारूत, आजारपणात बुडालेल्या घरांतली जी मुलं होती, त्यांतली साधारण एक तृतीयांश सगळं असूनही धड, प्रेमळ, कामाची माणसं झाली. त्यांच्यात काय वेगळं होतं? काही उपजत स्वभावाचे गुण होतेच. पण जवळपास प्रत्येकाच्या आयुष्यात किमान एक असं माणूस होतं, ज्याला ते मूल मनापासून हवं होतं. ते आईबापच असेल असं नाही. आजी, मावशी, मोठी बहीण, शेजारी, शिक्षक, कुणीही.

हे एक माणूस नेमकं करतं काय, हे बघायला बेटावर जायला नको. रनाळ्यातल्या ओट्यावर दहा मिनिटं बसलं तरी दिसतं. दीड वर्षाचं पोर ओट्याच्या पायरीवरून धपकन पडतं. पडल्याबरोबर ते रडत नाही. एक क्षण थांबतं आणि मान वळवून ओट्यावरच्या माणसांची तोंडं बघतं. आजी तांदूळ निवडता निवडता ‘मुंगी मेली रे, मुंगी मेली’ म्हणाली तर ते हात झटकून उठतं आणि मेलेली मुंगी शोधायला लागतं. कुणी ‘अगं बाई!’ म्हणून किंचाळलं तर ते भोकाड पसरतं. आणि कुणी पाठीत धपाटा घालून ‘दिसत नाही का?’ म्हणालं तर तेही रडतं, पण वेगळं, तोंड दाबून. किती लागलं हे त्याला गुडघ्याआधी आपल्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं.

याच क्षणाचा एक सुरेख प्रयोग १९८५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. वर्षाच्या बाळांना काचेवर सोडलं होतं; काचेखाली पुढे फूटभर खोल खड्डा दिसेल अशी योजना. पलीकडे आई उभी. तिने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं खड्ड्यावरून रांगत पलीकडे गेली. तिने भ्यालेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. खड्डा तोच, काच तीच.

दोन्ही शाखा एकत्र आल्या त्या जमैकात, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत. नंदुरबारने कुठल्या परदेशी अभ्यासाकडे लक्ष द्यावं असं कुणी विचारलं तर मी याचंच नाव घेईन. ऐंशीच्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली, म्हणजे आपल्या वाढीच्या तक्त्यात ठळक लाल दिसतील अशी. काहींना दर आठवड्याला दुधाची पावडर दिली. काहींच्या घरी आठवड्यातून एक तास आरोग्यसेविका गेली. काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. आरोग्यसेविका घरी जाऊन काय करायची? प्लास्टिकच्या बाटल्या, पुठ्ठा, चिंध्या यांची खेळणी पिशवीतून काढायची आणि आईच्या समोर मुलाशी खेळायची. मग खेळणं आईच्या हातात द्यायची आणि आई खेळत असताना तिचं कौतुक करायची. पुढच्या आठवड्यापर्यंत खेळणं घरीच ठेवायचं. दोन वर्षं हे चाललं.

सुरुवातीला दुधाने आणि खेळाने, दोन्हींनी मुलं सुधारली. मग संशोधकांनी चिकाटीने वाट पाहिली. ती मुलं बावीस वर्षांची झाली तेव्हा दुधाचा परिणाम पुसला गेला होता. ज्यांच्या घरी सेविका खेळायला गेली होती ती मात्र कमी उदास होती, कमी मारामाऱ्या करत होती, जास्त शिकली होती आणि त्यांची कमाई अशी भेट न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. या निष्कर्षाचा उलटा अर्थ काढून पाकिटं बंद करा म्हणणारा माणूस भेटला तर त्याला उपाशी मुलासोबत एक दुपार काढायला लावावी. पोट भरणं लागतंच. पण पोट भरायला घरी गेलेली बाई तासभर मुलाशी खेळून आली तर तो तास वीस वर्षं पुरतो, एवढं यातून पक्कं कळतं.

एवढा फेरा मारून खेळ पुन्हा आपल्या भेटीत परत येतो आहे. २०१८ पासून आशांच्या कामात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातल्या घरभेटी आल्या, भेटीमागे ५० रुपये. त्यात आहाराबरोबर मुलाशी बोलणं-खेळणंही सांगायचं आहे. महाराष्ट्रात सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेने आणि युनिसेफने यवतमाळ आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यांतल्या अंगणवाड्यांसोबत ‘आरंभ’ उपक्रम केला, त्यात वाटीचमच्यांच्या, गाडग्यामडक्यांच्या खेळांचे पालक मेळावे भरले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ नावाचा आराखडा काढला. त्यात ३६ महिन्यांचं कॅलेंडर आणि १४० खेळ आहेत. चिंचोके आणि शिंपले घेऊन बोर्डीच्या अंगणात बसलेल्या दोन बायकांना हे वाचून हसू आलं असतं, पण बरंही वाटलं असतं.

आता प्रश्न उरतो तो रनाळ्याच्या ओट्यावरचा. भेट कुणाला द्यायची? अ‍ॅपमध्ये नाव आईचं. मेळाव्याचं निमंत्रण मातांना. फळ्यावर लिहितात ‘माता बैठक’. पण दुपारी आई घरी असते कुठे? हंगामात ती नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला गेलेली असते. तिथे लाल ढिगाशी बसलेल्या बाईच्या बोटांना अशी आग असते, की घरी आल्यावर ती रडणाऱ्या बाळाच्या तोंडावरून हात फिरवू शकत नाही. हात धुतले, तेल चोळलं तरी आग दुसऱ्या दिवसापर्यंत उतरत नाही. बाळाला उचलते मोठी बहीण किंवा सासू. त्या आईला ‘बाळाला जवळ घ्या, त्याच्या डोळ्यांत बघून बोला’ असं सांगणारी सूचना जितकी बरोबर, तितकीच तिच्या दिवसाची खबर नसलेली आहे.

खानदेशी घराची जी बाजू उजवी आहे ती हीच, की मूल एका हातावर वाढत नाही. आजी, काकू, चुलत भावंडं, गल्लीतली बूढी माय, आखाजीला माहेरी आलेली आत्या. आईचे हात भाजत असले तरी मुलाला पडल्यावर बघायला एक ओळखीचा चेहरा मिळतो. म्हणून एकत्र कुटुंब हाच उपाय, असं कुणी म्हणू लागलं तर मी त्याच्या बाजूने नाही. भरल्या घरात दारू पिऊन येणारा बाप असतो, सुनेला मुलांसमोर घालूनपाडून बोललं जातं, आणि ते सगळं ओट्यावरचं पोर बघत असतं. माणसं दहा असून एकही शांत चेहरा नाही, असंही घर असतं. वर्नरच्या बेटावरच्या मुलांना तारलं ते माणसांच्या संख्येने तारलं नव्हतं. आणि बाप? बापाला मुलाशी खेळायला लाज वाटते असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. संध्याकाळी पोराला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून गावभर फिरवणारे बाप रनाळ्यात काय कमी आहेत? त्यांच्याशी कुणी यातलं कधी बोललेलं नाही, कारण भेट दुपारी असते.

भेटीला सगळ्यात अवघड जातात ती घरं जी सहा महिने घरी नसतात. जुन्या धुळे जिल्ह्यातले ऊसतोड मजूर बार्डोलीकडच्या साखर कारखान्यांसाठी कित्येक दशकं जात आले आहेत. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने सत्तरच्या दशकातच त्यांचे हाल लिहून ठेवले. उचल घेतलेली, मुकादमाच्या ट्रकमध्ये सगळं बिऱ्हाड, आणि गुजरातच्या फडावर उसाच्या पाचटाची कोपी. पहाटे दोघंही कोयता घेऊन जातात. ओटा नाही, आजी गावी राहिलेली, शेजार दर हंगामाला बदलणारा. त्या कोपीत दोन वर्षांचं मूल पडलं तर मान वळवून पाहायला एकच चेहरा असतो, आठ वर्षांच्या बहिणीचा. ती मुंगी मेली म्हणायला शिकलेली असते, हे तिचं मोठेपण. ते तिचं काम नव्हे. मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा असली तरी ती या बहिणीला बोलावते, धाकट्याला नाही, आणि धाकटा कडेवर असल्यामुळे ती जात नाही. कोसबाडला पाळणाघर आणि शाळा शेजारी शेजारी बांधून हा गुंता सुटला होता. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आता झाली आहे. ती फडावर पोचली, तर ताराबाईंचा वारसा नावापुरता राहणार नाही.

रनाळ्यापुरतं बोलायचं तर सेविकेला दुपारी दोन वाजता जी माणसं ओट्यावर भेटतात तीच तिची खरी भेट आहे, मग अ‍ॅपमध्ये नाव कुणाचंही असो. त्यांत बहुतेक करून आजी असते. १४० खेळांचं कॅलेंडर तिच्या हातात द्यावं. यातले कितीतरी खेळ तिला आधीपासून येत असतील, ते तिच्याकडून ऐकावेत आणि उरलेले दाखवावेत. तिला वाचता येत नसेल तर नातीला वाचून दाखवायला सांगावं. आणि शाळेच्या दिवशी दुपारी दोनला नात घरी कशी, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावं.